अकरा टक्क्यांची कबर

शाओ युएचनने नवऱ्याची कबर अकरा टक्के व्याजाने लावली होती. म्हणजे कबरीचे पैसे. कबर अजून घ्यायचीच होती. म्हातारा थोंग जाऊन सव्वा वर्ष झालं, तरी त्याच्या अस्थी स्मशानभूमीच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, फरशी पुसायच्या बादलीशेजारी पडून होत्या. चाळीस वर्षं तळमजल्याच्या ओलीत काढलेल्या माणसाला तिने शब्द दिला होता, की मेल्यावर तरी तुला उंचावर ठेवीन. टेकडीवरची जागा ठरवली, विसार दिला. उरलेले एक लाख ऐंशी हजार युआन दोंगझीच्या आत भरायचे होते. वर्षातल्या त्या सर्वांत लहान दिवशी हांगचौची माणसं आपली माणसं मातीत ठेवतात. उशीर झाला तर जागा दुसऱ्या मेलेल्याला.

तोवर पैशांनी बँकेत नुसतं लोळत का पडावं, हा प्रश्न शेजारच्या ग मेइचिनला पडला. चौकात रोज संध्याकाळी बायकांचा नाच चालतो, त्याची ती पुढारीण. तिने युएचनच्या फोनमध्ये ‘सहस्रभाग्य’ नावाचं ॲप घालून दिलं. मधे बँक नाही. गरजूला आपण थेट उसने द्यायचे, व्याज थेट आपल्याला. प्रत्येक गरजूची माहिती दिलेली असे : विवाहित, नूडल्सचं दुकान, मोठा फ्रीज घ्यायचा आहे. युएचनने रेशमाच्या गिरणीत तीस वर्षं सुताची तपासणी केली होती. तिने एकूण एक गरजू बारकाईने वाचला आणि एका अविवाहिताला नाकारलंसुद्धा. व्याज दर एक तारखेला येई.

जुलैची एक तारीख आली, व्याज आलं नाही. मग ॲपही उघडेना.

ग मेइचिनने नाचाच्या बायकांना घरी बोलावून कलिंगड कापलं. “पोलिसांत कुणी जायचं नाही,” ती म्हणाली. “तक्रार झाली की खाती गोठणार, मालक आत जाणार. आत बसून तो पैसे देईल का? बाहेर असला तर तीन वर्षांत फेडीन म्हणतोय.”

“आणि पळाला तर?” युएचनने विचारलं.

“शाओ वहिनी, अंडी देणाऱ्या कोंबडीवर असा संशय घेऊ नये.”

“अंडी थांबलीत, ताई. म्हणून तर कलिंगड खातोय.”

तरी तिने इतरांबरोबर हात वर करून पोलिसांत न जायची शपथ घेतली. शपथ म्हणजे शपथ.

मग ती कंपनीच्या कचेरीत जाऊन आली. तिथे मिसरूड फुटायच्या वयाच्या एका साहेबाने तिच्यापुढे यादी ठेवली. रोख नको असेल तर वस्तू घ्या : दारूचे खोके, चहा, मालिश करणारी खुर्ची.

“रोख नको असं कोण म्हणालं?”

“रोख सध्या नाहीये, आजी. खुर्ची मात्र लगेच.”

“माझा माणूस डब्यात आहे. त्याला खुर्चीत बसवून मालिश करू?”

साहेबाने यादी पाहिली आणि खुर्चीला दोन वर्षांची हमी असल्याचं सांगितलं.

त्या रात्री युएचनला झोप लागली नाही. पहाटे तिने शपथ मोडली आणि पहिल्या बसने पोलीस ठाणं गाठलं. आपण गद्दार ठरणार, चौकात आपल्याशी कुणी बोलणार नाही, असं मनाशी घोकत ती आत शिरली आणि टोकन घेतलं. दोनशे सहा. बाकावर तिच्या नाचाची अख्खी दुसरी रांग बसली होती. पहिल्या रांगेतल्या ग मेइचिनकडे सव्वीस नंबर होता.

“मी नुसती चौकशीला आले होते,” ग मेइचिन म्हणाली.

“सव्वीस नंबर म्हणजे चौकशी पहाटे चारला सुरू झाली का?”

ग मेइचिनने तिला कोपऱ्यात ओढलं. “वहिनी, ओरडू नकोस. फॉर्मवर एक प्रश्न आहे, तुम्हाला कुणी आणलं म्हणून. आणणाऱ्यांकडून दलाली परत घेताहेत, कुणाकुणाला तर कंपनीचा माणूसच ठरवताहेत. तू लिही, जाहिरात पाहिली.”

“दलाली? माझ्यावर किती मिळाली?”

“अठराशे. आणि एक तांदूळ शिजवायचं भांडं.”

“त्या भांड्यातला भात तू मला वाढलास.”

“चांगला झाला होता की.”

इतकी चीड तिला म्हातारा गेला तेव्हाही आली नव्हती. तेव्हा चिडायला समोर कुणी नव्हतं. तिचा नंबर दुपारी लागला. खिडकीतल्या पोलिसाला तिने आधी विचारलं, “दोंगझीच्या आत मिळतील का?”

“कोणत्या वर्षीच्या?” पोलिसाने तितक्याच साध्या आवाजात विचारलं आणि फॉर्म पुढे सरकवला.

टेकडीवरची जागा तिथेच, त्या खिडकीत, गेली. युएचनने पेन घट्ट धरलं. तुम्हाला कुणी आणलं? ग मेइचिन, असं तिने गिरणीच्या नोंदवहीत सदोष सुताची नोंद करावी तसं स्वच्छ, ठसठशीत लिहिलं. मागे उभी असलेली ग मेइचिन म्हणाली, “चौदा वर्षांची ओळख, वहिनी.”

“म्हणून तर नाव बरोबर लिहिता आलं.”

खालच्या ओळीत पुढचा प्रश्न होता. तुम्ही कुणाला आणलं?

पेन थांबलं. गेल्या शरद ऋतूत एकीला आणल्याबद्दल तिलाही कंपनीकडून शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा मिळाला होता. नणंद जिआओलान, म्हाताऱ्याची धाकटी बहीण. साठ हजार. सगळे पेन्शनमधून साठवलेले. परवाच तिचा फोन आला होता, तेव्हा युएचनने सांगितलं होतं, की आठवड्याभरात सुरळीत होईल, तू कुठे जाऊ नकोस.

“ती ओळ रिकामी सोडता येते,” मागून ग मेइचिन हळूच म्हणाली. “मीही सोडलीय.”

युएचनने नणंदेचं नाव लिहिलं. पुढे तेलाचा डबाही लिहिला, लिटरसकट. मग बाहेर पायरीवर येऊन फोन लावला.

“वहिनी? झालं का सुरू?” जिआओलानने विचारलं.

“नाही. पोलीस ठाण्यात ये, ओळखपत्र घेऊन. मी तुझ्याशी खोटं बोलले.”



“माझ्या भावाच्या नावावर विश्वास ठेवला मी,” जिआओलान म्हणाली.

“बोल,” युएचन म्हणाली. “थांबू नकोस. आज दुपारभर मी इथेच आहे.”