मुकोम्बेंचं खातं

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाच तर तो मूर्ख," असं आधीच बजावून ग्वातिद्झो म्हाताऱ्याने तोंड उघडलं, तेव्हा नेत्साईने कपाळाला हात लावला. विद्यापीठाचा संगणक विभाग तिच्या ताब्यात येऊन आठवडाही झाला नव्हता. इथले सर्व्हर सांभाळणाऱ्या या म्हाताऱ्याच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस होता.

वीज गेलेली. जनरेटरला डिझेल नाही. सर्व्हरच्या खोलीतलं बॅटऱ्यांचं कपाट आजारी माणसासारखं कण्हत होतं, आणि ते गप्प व्हायच्या आत नेत्साईला एक काम उरकायचं होतं. मेलेल्यांची ईमेल खाती पुसून टाकायची. नव्या मुलांना खाती द्यायला जागाच उरली नव्हती, कुलसचिवांचा हुकूमच होता तसा. तिला शिकवलेली माणसं त्या नावांत होती. एकेकावर बोट टेकवताना खड्ड्यात मूठभर माती टाकल्यासारखं होत होतं. वनस्पतिशास्त्राच्या डॉ. मुकोम्बेंचं नाव आलं, आणि म्हाताऱ्याने आपली टोपी काढून सरळ कीबोर्डवर ठेवली.

"हे नाही पुसायचं."

"शुम्बा, टोपी उचला." त्याला सगळे कुळाच्या नावानेच हाक मारत.

"मुकोम्बे गेलेले नाहीत."

"अहो, त्यांच्या मातीला मी स्वतः मक्याच्या पिठाचा सादझा घोटलाय! हातावर फोड आले होते."

"शरीर गेलं गं पोरी. आत्मा घरी आणायचा विधी कुठे झालाय? बैल कोणी द्यायचा यावरून भाऊ अजून भांडतायत. मग आत्म्याने जायचं कुठे? इथल्या घराला भावांनी कुलूप घातलं. त्यांच्या प्रयोगशाळेत आता मोडक्या खुर्च्या आहेत. सगळ्या आवारात गार जागा एकच, ही. शिरले इथे!"

"सर्व्हरमध्ये?"

"तिसऱ्या कपाटात. पंखा उलटा फिरायला लागला, मी डोळ्यांनी पाहिलाय. खोलीभर त्यांच्या तपकिरीचा वास. एका उंदराने तिथली तार कुरतडली, तर मरताना वनस्पतींची लॅटिन नावं घेत मेला. शिपाई साक्षीला आहे."

"शिपाई पण मेलाय, शुम्बा. मघाशीच पुसला मी त्याला."

"बघ! साक्षीदार तूच घालवलास."

नेत्साईला हसू आलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. बॅटरी पुन्हा कण्हली.

"उंदीर सोडा. खातं का ठेवायचं ते सांगा."

म्हाताऱ्याने कीबोर्डवरची टोपी सारखी केली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माई तावोना."

मुकोम्बेंची बायको. नेत्साईला ती आठवली. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची, एकटी, फोन दोन्ही हातांत धरून, पाखरू धरावं तसा.

"ती रोज सकाळी नवऱ्याला लिहिते, या खात्यावर," म्हातारा म्हणाला. "फार काही नाही. 'झोप झाली का?' एवढंच. सगळं गाव सकाळी एकमेकांना विचारतं तेच."

"आणि?"

"आणि उत्तर जातं. 'तुझी झाली असेल तर माझीही झाली.' कोणी सकाळी झोपेची विचारपूस केली आणि आपण गप्प राहिलो, हे मेलेल्याला तरी शोभतं का? मुकोम्बे रीतीचा माणूस. खड्ड्यात घातला म्हणून रीत सोडेल होय?"

"कधी दुसरं काही लिहितात?"

"पाऊस झाला का, विचारतात. मक्याला कीड लागली तर राख टाक म्हणतात. एकदा तिने लिहिलं, मला तुमच्याकडे यायचंय. तेव्हा त्यांनी लांबलचक उत्तर दिलं. इथे जागा नाही, तू तिथेच बरी आहेस, पेरूच्या झाडाला पाणी घाल. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही." म्हाताऱ्याने नाक ओढलं. "हे खातं पुसलंस तर उद्या सकाळी ती विचारील आणि पलीकडे कोणीच नसेल. दुसऱ्यांदा विधवा होईल बाई."

नेत्साईने पडद्याकडे पाहिलं. बोट टोपीच्या काठाशी थांबलं होतं. तिला विश्वास ठेवायचा होता, अगदी मनापासून.

"एकदाही चुकले नाहीत?"

"छे! वीज नसताना, डिझेल नसताना, संपात, सुट्टीत, कधी नाही." म्हातारा आता रंगात आला होता. "फक्त एका थंडीत खाडा पडला. सलग काही दिवस उत्तर नाही. बिचारी माई तावोना घाबरून इथे दारापर्यंत आली होती म्हणे, नवरा रुसला की काय म्हणून. मला मागाहून कळलं. मी तेव्हा हरारेला, मोतीबिंदू काढायला, डोळ्यावर ही जाड पट्टी..."

तो थांबला. बॅटऱ्यांचं कण्हणंही त्याच वेळी थांबलं. पडदा काळा झाला आणि खोलीत दिवसाउजेडी अंधार पसरला.

"शुम्बा," नेत्साई हळूच म्हणाली, "पट्टी तुमच्या डोळ्यावर होती, आणि लिहिता येईना मेलेल्या माणसाला?"