खाली उतरायचं नाही

दर ऑक्टोबरात मी वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना बसमधून मेपलच्या झाडांचे पानगळीतले रंग दाखवायला नेतो. दाखवायचे ते काचेतून. खाली उतरायचं नाही, असा आश्रमाचा नियम आहे.

गेल्या वर्षी तळ्याकाठचा डोंगर लालभडक झाला होता. नव्वदीचा विल्बर्ट, जन्मभर लाकूडतोड्या, काठी टेकत दारापाशी आला. "दार उघड रे. दोन मिनिटं त्या पानांत उभा राहतो."

"अहो विल्बर्ट, पडाल," व्यवस्थापक मर्ना म्हणाली. "मग जाब कोण देणार?"

"पन्नास वर्षं मी ही झाडं पाडली, बाई. आज त्यांनी मला पाडलं तर फिट्टंफाट."

सगळे हसले. मर्ना हसली नाही. दाराचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. नोकरीला घाबरून मी बस हलवली.

जानेवारीत विल्बर्ट आपल्या खोलीतच पडला, गालिच्यावर, आणि तिथेच मेला. त्याचा जाब कोणी मागितला नाही.

यंदा त्याच वळणावर मी बस थांबवली आणि मर्नाला न विचारता दार उघडलं. गार वारा आत आला. एकही म्हातारा जागचा उठला नाही.

"दार लाव," मागून कोणीतरी म्हणालं. "नियम आहे."