सूर्यभानरावांच्या टेबलावरचा मेंदू

मी मेंदू आहे. पण लगेच आदराने उठून उभे राहू नका, प्लॅस्टिकचा आहे. आतून पोकळ. माझे आठ तुकडे होतात आणि ते एका लोखंडी काडीवर बसतात. माणसाच्या मेंदूत ऐंशी अब्जांहून जास्त पेशी असतात म्हणे. माझ्यात एकदा मुंग्या झाल्या होत्या, तेवढीच काय ती हालचाल.

शाळांच्या प्रयोगशाळेसाठी वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या कपाळामागच्या भागाला, म्हणजे जिथून माणूस विचार करतो त्या भागाला, गुलाबी रंग देणारा माणूस त्या वेळी शेजाऱ्याशी क्रिकेटवर बोलत होता. म्हणून तिथे रंग थोडा ओघळला आहे. विचाराच्या जागीच ओघळ. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण मन माझ्याजवळ नव्हतं.

नगरच्या एका दुकानातून मला अश्विनी मॅडमनी विकत घेतलं. त्या आधी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. आता कारखान्यांत, कचेऱ्यांत जाऊन लोकांना सांगतात, की मेंदू कसा चालतो ते कळलं तर माणूस कामावर स्वतःला आणि हाताखालच्यांना नीट सांभाळू शकतो. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "फ्लॉवर कसा दिला, ताई?" एवढ्या थोर विषयाचा मी प्रतिनिधी, आणि माझी पहिली ओळख भाजीची.

अशी आमची स्वारी एका सकाळी तिसगावच्या दूध संकलन केंद्रावर पोचली. तिथे काय घडलं होतं, ते आधी सांगायला हवं.

केंद्राचे प्रमुख सूर्यभानराव. कॅन उचलता उचलता वर चढलेला माणूस, कामात पक्का. पण आवाज असा, की फाटकाबाहेर उभ्या म्हशी मान वर करायच्या. कॅन आणि टाकी धुणाऱ्या छबूबाईंनी एकदा त्यांना सांगितलं होतं, "साहेब, टाकीच्या थर्मामीटरचा काटा हालत न्हाई. मी गरम पान्यानं टाकी धुते, तरी त्यो चारवरच."

सूर्यभानराव त्या दिवशी आधीच कशाने तरी तापलेले होते. दूध घालायला आलेल्या पंधरा-वीस लोकांसमोर ते म्हणाले, "तू कॅन धू. मशिनीचं कळत असतं तर कॅन धुतले असते का?"

लोक हसले. छबूबाई कॅन धुवायला गेल्या. आठव्या दिवशी केंद्राचा अख्खा टँकर मुख्य डेअरीने परत पाठवला. दूध आंबलं होतं. काटा मात्र अजून चारवरच होता, टाकी गार असल्याचं सांगत.

वरच्या ऑफिसने सूर्यभानरावांना झापलं आणि सोबत अश्विनी मॅडमचं प्रशिक्षण लावलं. सूर्यभानरावांना ती शिक्षाच वाटली. अकरा माणसं पालथ्या क्रेटवर बसली, आणि ते सगळ्यांच्या मागे, हाताची घडी घालून.

मॅडमनी माझे तुकडे सोडवून एकेकाच्या हातात दिले. मी फार गंभीर चेहरा करायचा प्रयत्न केला, पण आठ ठिकाणी विभागलेल्याला ते जमत नाही. दूध तपासणाऱ्या रेश्माकडे मागचा तुकडा गेला, छबूबाईंकडे मधला. कपाळामागचा, ओघळ आलेला तुकडा सूर्यभानरावांच्या हाती आला.

"इथे काही बिघडलेलं दिसलं," मॅडमनी विचारलं, "तर तुम्ही कुणाला सांगता?"

सगळे फरशीकडे बघू लागले. मग छबूबाई बोलल्या, आवाज न चढवता.

"म्या सांगितलं हुतं, बाई. त्यावर साहेब जे बोलले, त्याच्यानंतर माझं डोकं बंदच पडलं. हात चालायचे, कॅन निघायचे. पर डोळ्यांम्होरं काटा दिसायचा आनि त्वांड उघडायचं न्हाई."

मॅडमनी त्यांच्या हातातला तुकडा वर धरला. "या भागात आत, बदामाएवढी एक जागा आहे. अपमान झाला, भीती वाटली की ती बोंब मारते. मग शरीर फक्त जीव वाचवायचं बघतं. साहेबांच्या हातात आहे तो विचाराचा भाग, तो तेवढा वेळ मागे पडतो. छबूबाई भित्र्या नाहीत. कुणाचाही मेंदू हेच करतो. आणि रागावणाऱ्याचाही विचार त्या वेळी असाच मागे पडतो."

सूर्यभानरावांनी हातातला तुकडा उलटसुलट केला. "म्हंजे दूध मी नासवलं म्हणा की."

मला वाटलं, कुणीतरी नाही म्हणेल. कुणी म्हटलं नाही. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ नळाखाली हात धूत राहिले. हात स्वच्छच होते.

मॅडम निघताना सूर्यभानरावांनी उपाय विचारला. विचारला म्हणजे पुटपुटले. मॅडम म्हणाल्या, "राग आला की तोंडाआधी हाताला काम द्या. सावकाश करायचं काम. श्वास जागेवर आला की बोला. आणि कुणी केलं हे विचारण्याआधी काय झालं ते विचारा."

"हे इथंच राहू द्या मग पंधरा दिवस," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

असा मी त्यांच्या टेबलावर राहिलो. आता मोठेपणाने सांगावं, की माझ्या सहवासात त्यांचं आयुष्य पालटलं. तसं काही झालं नाही. राग आला की ते मला सोडून पुन्हा जोडायला घ्यायचे, पण पहिल्या आठवड्यात जोडता जोडताच जास्त चिडायचे. लहान मेंदू कपाळात बसवायचे, तो बसायचा नाही, मग दुसऱ्यावरचा राग माझ्यावर निघायचा. एकदा त्यांनी तोच तुकडा भिंतीवर मारला. त्याचा टवका उडाला. माझ्याकडे तोल सांभाळण्याचं जे काही नावापुरतं सामान होतं, ते त्या दिवशी गेलं.

लोकांनी मात्र खूण ओळखली. टेबलावर तुकडे पसरलेले दिसले, की ते दारातच थांबायचे. माफी मागायची म्हणून साहेब दोनदा छबूबाईंकडे गेले. एकदा धुण्याचा सोडा पुरतो का ते विचारून आले. दुसऱ्यांदा सोड्याचंच विचारलं.

आणि मग तो सकाळचा प्रसंग आला. टँकर फाटकात उभा होता. रेश्मा आत आली ती पांढरीफटक. तिच्या हातात तपासणीची पट्टी होती, आणि मागे छबूबाई, तिच्या पाठीवर हात ठेवून.

"साहेब, एका गायीची कास सुजली हुती, तिला इंजेक्शनं चालूयेत. तिच्या दुधात औषध उतरलंय. गर्दीत मी पट्टी उशिरा बघितली. तवर त्यो कॅन टाकीत गेला."

तिने सांगितलं नसतं तर टँकर निघून गेला असता. पुढे पकडलं गेलं असतं, तरी कुणाच्या हातून झालं ते कदाचित कळलंही नसतं. आणि पकडलं गेलं नसतं, तर ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात गेलं असतं. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी ती उभी होती.

सूर्यभानरावांच्या मानेची शीर तटतटली. त्यांचा हात माझ्याकडे आला. मी सुटा झालो. त्यांनी एक तुकडा बसवला, दुसरा बसवला. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तिसरा तुकडा बसेना. त्यांनी तो खाली ठेवला, श्वास सोडला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बस. काय काय झालं, पहिल्यापास्नं सांग."

रेश्माने सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." हे शब्द त्यांनी आधी कधी वापरले नसावेत, नव्या चपलेत चालावं तसे ते अडखळत आले.

मी यातलं श्रेय घेतलं असतं. पण त्या वेळी मी सहा तुकड्यांत पालथा पडलो होतो आणि माझा विचाराचा भाग टेबलाखाली गेला होता.

त्यांनी टाकीतल्या दुधाला स्वतः पट्टी लावली. दोष निघाला. टँकर रिकामा परत पाठवला आणि वरच्या ऑफिसला फोन केला. "आजचं दूध थांबवलंय. सगळं ओतून द्यावं लागंल. केंद्र माझं, जबाबदारी माझी." पलीकडचा माणूस इतक्या जोरात ओरडला, की साहेबांनी फोन कानापासून लांब धरला. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. आपण कसे वाटत असू, हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलं. फोन ठेवून त्यांनी ठरवलं, की पट्टी वाचल्याशिवाय कुठलाही कॅन ओतायचा नाही, मग रांग कितीही लांबू दे.

त्यांना लेखी ताकीद मिळाली. दोन दिवस ते नोकरी जाईल या धास्तीत होते. गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, दूध घालणाऱ्यांची गर्दी असताना, ते बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघत होतो.

"छबूबाई, थर्मामीटरचं तुझं बरोबर हुतं. मी सगळ्यांदेखत बोललो, म्हणून सगळ्यांदेखत सांगतो. माझं चुकलं."

छबूबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आनि साहेब, जनरेटरचा पट्टा बी चिरलाय. चार दिस झाले. सांगू का नगं, म्हनत हुते. बघून घ्या."

सूर्यभानराव लगेच गेले बघायला.

त्यानंतर वरच्या ऑफिसला वाटलं, की करामत माझीच. त्यांनी माझ्यासारखे बरेच मेंदू मागवून इतर केंद्रांना वाटले. अश्विनी मॅडमना मात्र पाठवलं नाही. जामखेडकडचा माझा एक भाऊ अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे, असं ड्रायव्हर सांगतो. मॅडमनी मला परत नेलं नाही. त्यांनी दुसरा घेतला.

तेव्हा कुणी मला विकत घ्यायच्या विचारात असाल, तर या पोकळ माणसाचं, म्हणजे मेंदूचं, एवढं ऐका. मी तुमचं काही सुधारू शकत नाही. माझी किंमत वाचवा आणि तुमच्याकडे जे कुणी धुतं, पुसतं, उचलतं, त्याला एकदा बसायला खुर्ची द्या. काय बिघडलंय ते विचारा. मग मधे बोलू नका.

एवढंच. आता थांबतो. साहेब आत आलेत, त्यांचा आवाज चढलेला आहे, आणि माझा कान आधीच दुखतोय. म्हणजे कान असता तर.