शेकडा बत्तीस

अहवाल रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ बाईंच्या हातात होता आणि त्यातली चूक एकाच व्यक्तीला ठाऊक होती: ज्या रसायनतज्ज्ञ तरुणीने त्यावर सही केली होती, तिला. तिलाही ती कळून वीसच मिनिटे झाली होती. प्रयोगशाळेतली प्रत चाळताना तिला दिसले, की आपल्या वहीतल्या ‘शेकडा ३२’ या नोंदीचे टंकलेखकाने ‘शंभर ग्रॅम मांसात ३२ ग्रॅम’ असे केले आहे. त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. शेकडा कशाचा, हे तिने लिहिले नव्हते. आणि सही करताना वाचलेही नव्हते.

ती धावतच रुग्णालयात पोहोचली, तेव्हा तिचा दादा बाईंसमोर बसला होता. शिंपले सोलून, गोठवून पाठवण्याचा त्याचा कारखाना होता. हृद्रोग्यांच्या स्वयंपाकघरात त्याचा माल मंजूर झाला नाही, तर कारखान्याला टाळे लागणार होते.

“ओमेगा-तीन मेदाम्ले शंभरात बत्तीस?” बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “अहो, हे शिंपले आहेत की लोण्याचे गोळे?”

“आमच्याकडचं पाणीच तसं आहे, बाई. आणि सही माझ्या बहिणीची आहे. जीव गेला तरी ती खोटं लिहायची नाही.”

“दादा, जरा बाहेर ये.”

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्याला सारे उमगले. “गप्प बस, माझे आई,” तो पुटपुटला.

बाईंचे पेन कागदावर टेकले. “या हिशेबाने रुग्णाला रोज एक चमचा पुरेल. नेमू?”

प्रश्न दादाला नव्हता.

“नको,” ती म्हणाली. “बत्तीस टक्के मांसाचे नाहीत, मेदाम्लांचे आहेत. शंभर ग्रॅम मांसात स्निग्धांश दोन ग्रॅम, त्यात मेदाम्ले दीड. त्याचे बत्तीस टक्के म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम. चूक माझी आहे.”

“कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!” दादा उठलाच.

“बसा,” बाई म्हणाल्या. “अर्धा ग्रॅम काही वाईट नाही. प्रथिनं भरपूर, चरबी कमी. चमच्याऐवजी वाटी नेमता येईल. पण या कागदावर नाही. फेरतपासणी करा, आणि सही दुसऱ्या कोणाची तरी आणा.”

जिन्यात पोहोचताच दादाने विचारले.

“दुसरी सही कोणाची?”

“आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांची. माझा सहीचा अधिकार आजच काढून घेतील.”

तो दोन पायऱ्या खाली जाऊन थांबला. राग गेला नव्हता. तो जावा, असे काही घडलेही नव्हते.

“नमुना किती लागेल?” त्याने मागे न पाहता विचारले.

“तीन किलो. बर्फात घालून आण.”