मायक्रोवेव्हमधले सासरे

आमच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी एकवीस माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि सगळी मायक्रोवेव्हकडे बघत होती. शेजारीण त्याला विचारत होती, "जावयाला परदेशी जाऊ देऊ का?"

पीं. पीं.

"एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही," लहरीबाबा म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. "उत्तर संपलं."

ओव्हन पुढेही सात वेळा वाजला.

"तो आशीर्वाद."

सासरे जाऊन चार महिने झाले होते. त्यानंतर लवकरच ओव्हन कुणी हात न लावता वाजू लागला. सासूबाई म्हणाल्या, "हेच आहेत. माझ्याशी बोलायचंय त्यांना." बातमी जिना उतरून खाली गेली आणि लहरीबाबांना घेऊन वर आली. त्यांचं शास्त्र सोपं होतं: आत्मा म्हणजे लहर, आणि ओव्हनमध्येही लहरीच. आत्म्याला दमट हवा मानवते म्हणून त्यांनी ओव्हनखालच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं सतत उकळत ठेवायला लावलं.

मला हसू येत होतं. पण मग सासूबाईंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल विचारलं. दोनदा वाजलं. बाबांनी हात वर केला आणि खिशातून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढली. इकडे सासूबाई चहात मीठ घालू लागल्या होत्या. मी नणंदेला फोन केला. ती लिफ्टचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करते.

ती हत्यारांची पेटी घेऊन आली, गर्दीतून वाट काढत ओव्हनसमोर उभी राहिली. "अप्पा, तुम्ही जिवंत आहात का?"

पीं.

तिनं झटकन हात वर केला. "उत्तर संपलं. म्हणजे हो. वहिनी, अप्पांचा चहा ठेव." ओव्हन पुढेही पाच वेळा वाजला. "कळलं? वाजतो तो ओव्हन. थांबवतो तो हात वर करणारा."

मग तिनं प्लग काढला, आम्हाला लांब उभं केलं, आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज आधी रिकामी केली आणि बटणांचं पॅनेल उघडलं. बटणांपासून बोर्डाकडे एक चपटी पट्टी जात होती. तिचं टोक ओलं, हिरवट झालेलं.

"बटण दाबल्याचा निरोप या पट्टीतून जातो. आधी स्वयंपाकाच्या आणि आता या पातेल्याच्या वाफेचं पाणी शिरलं की बोट न लावताच निरोप जातो."

तिनं टोक स्पिरिटनं पुसलं, हेअर ड्रायरनं वाळवलं, पॅनेल बसवलं, प्लग लावला. शेगडी बंद केली. बाबांनी तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा बरंच मोठ्यानं. ओव्हन गप्प.

"आत्मा रुसला," बाबा म्हणाले.

"मग पातेलं ठेवू या." पॅनेलच्या फटीवरचं रबरी सील झिजलेलं होतं; नवं तिनं मुद्दाम अजून लावलं नव्हतं. वाफ आत शिरत राहिली. आम्ही पंधरा मिनिटं एक शब्द बोललो नाही. पीं, पीं, पीं. विचारलं कुणीच काही नव्हतं. मागे वळलो तर बाबांची चप्पल दारात नव्हती.

सासूबाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे हे काहीच बोलले नाहीत?"

"बोलले होते, आई," नणंद म्हणाली. "जाण्याआधी. ऑपरेशनची तारीख त्यांनीच घेतली होती ना?"

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. आता सासूबाईंना माझ्या स्वयंपाकघरातली धूळही दिसते.

डोळ्यांचं डॉक्टरला विचारावं, यंत्राचं मेकॅनिकला. आणि गेलेल्या माणसाची आठवण आली, तर मोकळेपणी रडावं. त्याला मध्यस्थ लागत नाही.