किल्लीमागची तार

नवं इंजिन बसलं, पण घोडं अडलं ते स्पार्कवर. नवं म्हणजे तसं जुनंच. भंगारात निघालेल्या एका ट्रकच्या पोटातून उस्तादने ते घासाघीस करून आणलं होतं. लांब नाकाच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या ट्रकमध्ये ते बसवताना त्याच्या नाकी नऊ आले. आणि एवढं करून फळ काय, तर किल्ली फिरवून धरली की इंजिन फुरफुरायचं आणि किल्ली सोडली की गप्प व्हायचं.

कारण उस्तादच्या बायकोला ठाऊक होतं. किल्लीच्या मागची एक तार तिनेच उपसून ठेवली होती.

बायकोने असं करावं का, म्हणून कोणी नाक मुरडेल. मुरडू दे. जुनं इंजिन जाम झालं त्याच्या थोडं आधी ती ट्रकमध्ये नवऱ्याशेजारी बसली होती. चौक जवळ येत होता. उस्तादचे हात स्टिअरिंगवर होते, डोळे उघडे होते आणि आत माणूसच नव्हता. तिने हाका मारल्या, दंड हलवला, शेवटी स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं, तेव्हा ट्रक दुभाजकावर चढून थांबला. थोड्या वेळाने तो भानावर आला आणि म्हणाला, "डोळा लागला वाटतं." उघड्या डोळ्यांनी कोणाचा डोळा लागतो? पण बोलायची सोय नव्हती. डॉक्टरचं नाव काढलं की तो अंगावर यायचा. पुढे इंजिन जाम झालं तेव्हा घरात सगळ्यांनी डोक्याला हात लावला, आणि हिने मात्र सुटकेचा श्वास सोडला.

तारांचं ज्ञान तिला नवऱ्यानेच दिलं होतं. नवीन संसारात क्लीनर परवडत नसे, तेव्हा तीच त्याची क्लीनर. स्टार्टर फिरतो तेवढ्यापुरता स्पार्क देणाऱ्या कॉइलला एका तारेतून करंट मिळतो, आणि किल्ली सोडल्यावर दुसरीतून मिळत राहतो. ती दुसरी तिने काढली आणि तारांच्या जुडग्यात खुपसून दिली. चार दिवस खटपट करेल, मग कंटाळून नाद सोडेल, असा तिचा हिशेब होता. इतकी वर्षं संसार करूनही माणूस ओळखण्यात बाई चुकली.

उस्तादने नाद सोडला नाही. सकाळी चहा झाला की तो पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचा, केबिनमध्ये पाठीखाली उशी घेऊन डॅशबोर्डखाली आडवा व्हायचा. शेड तापायची. तिला बाहेरून त्याचे पायच तेवढे दिसायचे, आणि ते बराच वेळ हलले नाहीत की तिला तो चौक आठवायचा. मग ती उगाच पाणी घेऊन जायची. जेवायला यायचा तेव्हा त्याला घास उचलायचंही त्राण नसायचं. ट्रक चालवून जेवढा थकला नसता, तेवढा तो बंद ट्रकपायी थकला होता. हे आपण केलं, असं तिला रोज वाटायचं, आणि रोज ती तोंडात गुळणी धरून बसायची.

दीर घरांची वायरिंग करायचा. त्याने या ट्रकसाठी फर्निचरच्या कारखान्याचं भाडं ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे रोज संध्याकाळी तो कामावरून थेट शेडमध्ये यायचा.

"दादा, टेस्ट लॅम्प आणलाय. एकेक तार बघत जाऊ, लगेच सापडेल."

"घरातला पंखा नाही हा. तू टॉर्च धर."

दुसऱ्या दिवसापासून तर ट्रकने फुरफुरणंही सोडलं. स्टार्टर नुसताच गरगरायचा.

"वहिनी, दादाने काहीतरी भलतंच करून ठेवलंय," दीर हळूच म्हणाला. "आणि मला हात लावू देत नाही. तुम्ही तरी सांगा ना."

तिला रडूच आलं. डोळे मिटून इंजिन जोडणारा माणूस, आणि आता त्याच्या हातून चुका व्हायला लागल्या होत्या. तिच्या एका तारेपायी.

दुसऱ्या दिवशी उस्ताद अर्ध्या जेवणावरून उठला. तिने ठरवलं, पुरे झालं. तो हात धुवायला गेला तशी ती केबिनमध्ये चढली आणि तार जागच्या जागी लावून टाकली. मान वर केली तर तो दारात उभा.

"अहो, एकदा किल्ली फिरवून बघा."

"तूच फिरव."

तिने फिरवली. नुसती गरगर.

"असं कसं?" तिचा आवाज चिरकला. "ती तार मीच काढली होती. आता लावली की!"

उस्ताद फडक्याने हात पुसत राहिला. "ती मला केव्हाच सापडली होती. सुटलेल्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. गाडी बंद पाडायची, पण शॉर्ट व्हायला नको. हे तुझंच काम."

"मग लावली का नाहीत?"

"लावली असती तर चालू झाली असती. चालू झाली की न्यावी लागली असती." तो ट्रकच्या पायरीवर टेकला. "परवा धाकटा टेस्ट लॅम्प घेऊन आला. त्याला तुझी तार लगेच सापडली असती. म्हणून मी इंजिनावरच्या डिस्ट्रिब्युटरच्या आतली एक काढली. तिथे तो बघणार नाही."

तिला संताप आला, हसू आलं, आणि त्या दोन्हींपेक्षा थकवा जास्त होता.

"इतके दिवस मी स्वतःला खात होते," ती म्हणाली. "तुम्ही आपले उशी घेऊन पडून!"

"झोप नाही लागायची," तो म्हणाला. "त्या दिवशीसुद्धा डोळा लागला नव्हता."

"माहितीये मला."

"भीती वाटते गं."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. मग तो उठला, बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आतली तार लावली आणि तिला खूण केली. तिने किल्ली फिरवली, सोडली. इंजिन चालूच राहिलं. काय आवाज होता! एक ठोका इकडचा तिकडे नाही.

संध्याकाळी दीर आला तेव्हा तिने इंजिन पुन्हा चालू केलं होतं आणि तो आवाज फाटकापर्यंत पोचला होता. खांद्यावरचं वायरचं भेंडोळं टाकून तो पळत आला. "झाली? दादा, झाली! कारखान्याला काय सांगू?"

"सांग, परवापासून गाडी येईल."

तिचा हात किल्लीवरच थांबला.

उस्तादने बॉनेट खाली घेतलं आणि तळहाताने नीट दाबून बसवलं.

"आणि एखादा ड्रायव्हर बघ," तो म्हणाला. "क्लच जपून दाबणारा."