बेशुद्ध सुनेची कादंबरी

हुपरीच्या दानेश्वरीला मालिकेत धाकट्या सुनेचं काम मिळालं, तेव्हा तिच्या आईनं, घरी चांदीचे पैंजण घडवणाऱ्या रत्नव्वानं, गल्लीभर पेढे वाटले. तिसऱ्याच आठवड्यात ही धाकटी सून जिन्यावरून पडली आणि बेशुद्ध झाली. दोन महिने उलटले तरी शुद्धीवर यायचं लक्षण नव्हतं.

रोज सकाळी एसटीनं कोल्हापूर गाठायचं, कसबा बावड्यातल्या शूटिंगच्या बंगल्यावर जायचं, डोक्याला पट्टी बांधून घ्यायची आणि डोळे मिटून पडायचं. पहिले आठ दिवस ती रडकुंडीला आली. नाट्यशास्त्र शिकून झोपायचंच होतं, तर घरी काय वाईट होतं? नवव्या दिवशी पडल्यापडल्या तिला गंगव्वा सुचली. चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडणारी, तोंडानं फटकळ, मालकालाही न जुमानणारी. दानेश्वरी मनातल्या मनात तिला बोलतं करू लागली. 'कट' ऐकू आलं की उठायचं आणि जुन्या स्क्रिप्टच्या पाठकोऱ्या कागदांवर सगळं उतरवायचं. बघता बघता अकरा प्रकरणं झाली.

एकदा सासू उशाशी हंबरडा फोडत असताना बेशुद्ध सून फिसकन हसली. दुसऱ्या टेकलाही तेच. दिग्दर्शक विश्वजित भडकला.

"मरायला टेकलीयास आणि हसतीस व्हय गं?"

"सॉरी सर. गंगव्वा निवडणुकीला उभी राहिली."

"कोण गंगव्वा?"

तिनं कागदच पुढं केले. विश्वजितनं उभ्याउभ्या दोन पानं वाचली, मग खुर्ची ओढली आणि मोठ्यानं वाचू लागला. लाइटवाले भोवती जमले. सासूबाई तर ग्लिसरीन पुसत खो खो हसत होत्या.

कागद परत देताना मात्र तो गंभीर झाला. "वरनं निरोप आलाय. सोमवारपासून तुला शुद्धीवर आणायचं, न्हाईतर मारायचं. शुद्धीवर आलीस तर रोल मोठा हाय. पण रोजचे बारा तास जाणार. हे लिहिणं काय हुणार न्हाय. किती ऱ्हायलंय?"

"दोन प्रकरणं."

चहा होईस्तोवर दानेश्वरी अंगणात येरझारा घालत राहिली. शुद्धीवर यायला ती किती दिवस तळमळत होती! पण ऐन निवडणुकीत गंगव्वाला सोडून जायचं तिच्या जिवावर आलं.

"सर, मारा मला."

"विचार कर की जरा."

"केलाय. मारा, आणि लवकर मारा."

मरणाचा भाग लागला, तेव्हा रत्नव्वा टीव्हीसमोर पदर डोळ्यांना लावून बसली होती. शेजारी लेक भाकरी खात होती.

"अव्वा, मी हितं हाय की!"

"तू गप बस. मला बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या बाळाबाई सांत्वनाला आल्या. दार दानेश्वरीनंच उघडलं. बाळाबाई किंचाळल्या आणि मग तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेलीयास न्हवं तू? रातभर डोळ्याला डोळा न्हाय माझ्या!"

पुढचे चार महिने हाताला काम नव्हतं. कादंबरी तेवढी पुरी झाली. कोल्हापुरातल्या एका छोट्या प्रकाशकानं ती काढली. आठवडाभरात विश्वजितचा फोन आला. त्याला कादंबरीचं नाटक करायचं होतं आणि गंगव्वाचं काम दानेश्वरीनंच करायचं होतं. ती फोन ठेवून घरभर नाचली.

रत्नव्वानं पुस्तक वाचायला तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाई झ्याक उतरलीया. पण घुंगराचा जोड तू चुकीचा लिवलायस. आधी कडी तापवायची आस्ती."

"पुढच्या आवृत्तीत सुधारते, अव्वा."

"आन् नाटकात? तितं हात दिसत्यात लोकांस्नी. बस हितं."

रविवारचा अख्खा दिवस दानेश्वरी घरच्या कारखान्यात आईशेजारी बसली. दोन बोटं पोळली, चार घुंगरं वाया गेली. पाचवं बरोबर बसलं. रत्नव्वानं ते ओढून पाहिलं आणि दुसरं पैंजण तिच्यापुढं सरकवलं.